तिसऱ्या कवचातले दहा रिकामे खळगे: आवर्तसारणीच्या एका शैक्षणिक संचाचे परीक्षण

गेल्या वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी आवर्तसारणीचा एक संच विकत घेतला. संचात तीन वस्तू आहेत: १०० बाय ७५ सेंटिमीटरचा मराठी भिंततक्ता, इलेक्ट्रॉनांची कवचे दाखवणारा ४५ सेंटिमीटर व्यासाचा गोल पाट आणि त्यासोबतचे १२० प्लॅस्टिकचे मणी, आणि चोवीस पानांची माहितीपुस्तिका. मला तो १,४५० रुपयांना पडला. मी नववी-दहावीला विज्ञान आणि अकरावीला रसायनशास्त्र शिकवते; या तिन्ही वर्गांत हा संच वर्षभर वापरून, मुलांच्या हाती देऊन आणि एकेक चौकट तपासून झाल्यावर आता त्याविषयी लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही. आढळलेल्या चुका मी त्यांना लेखी कळवल्या आहेत, त्या पुढच्या छपाईत दुरुस्त करू असे त्यांचे उत्तर आले आहे, आणि तेवढा अवधी त्यांना मिळायला हवा असे मला वाटते.

आवर्तसारणीच्या तक्त्याकडून माझी अपेक्षा एकच असते. ११८ मूलद्रव्यांची नावे, संज्ञा आणि अणुअंक कोणत्याही तक्त्यावर मिळतात. शंभर रुपयांच्या कागदी तक्त्यावरही मिळतात. पण सारणीच्या आडव्या ओळींत, म्हणजे आवर्तांत, अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२ आणि ३२ मूलद्रव्ये का आहेत, हे तक्त्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला त्या तक्त्यावरूनच उमगले पाहिजे. नववीत आपण मुलांना शिकवतो की कवचाची कमाल क्षमता दोन गुणिले कवचाच्या क्रमांकाचा वर्ग या सूत्राने मिळते, म्हणजे २, ८, १८, ३२. मग दहावीत आवर्तसारणी येते आणि तिच्या ओळी २, ८, ८, १८ अशा निघतात. हा एक जास्तीचा ८ कुठून आला, हा प्रश्न हुशार मुलाला पडतोच, आणि बहुतेक वेळा तो विचारला जात नाही, कारण पहिली वीस मूलद्रव्ये पाठ केली की परीक्षेपुरते भागते. हा संच घेताना मला आशा होती की हा प्रश्न तो मुलांकडून विचारून घेईल. ती आशा बऱ्याच अंशी पुरी झाली, आणि त्याचे श्रेय पाटाला आहे.

पाट एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा आहे, जाड आणि वजनदार आहे, आणि टेबलावर ठेवला की हलत नाही. मध्यभागी केंद्रकाचे लाल वर्तुळ आणि त्याभोवती सात वर्तुळाकार खाचा आहेत. प्रत्येक खाचेत मणी बसेल असे खळगे कोरले आहेत: आतून बाहेर २, ८, १८, ३२, ३२, १८ आणि ८. बेरीज ११८ होते, म्हणजे शेवटचे मूलद्रव्य ओगॅनेसनदेखील या पाटावर मांडता येते. खाचांवर के, एल, एम, एन, ओ, पी, क्यू ही अक्षरे कोरली आहेत. (मुले हमखास विचारतात की सुरुवात ए पासून का नाही. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बार्क्ला यांना क्ष-किरणांच्या अभ्यासात दोन प्रकारचे किरण आढळले तेव्हा त्यांच्या आधी आणखी काही सापडतील या विचाराने त्यांनी मधलीच अक्षरे निवडली. आधीचे काही सापडले नाही, आणि अक्षरे कायम राहिली. पुस्तिकेत याचा उल्लेख असता तर बरे झाले असते.)

नववीच्या तासाला मी पाट मधोमध ठेवला आणि मुलांना हायड्रोजनपासून एकेक मणी लावत जायला सांगितले. दोन मणी, पहिली खाच भरली, हेलिअम. आणखी आठ, दुसरी भरली, निऑन. तिसऱ्या खाचेत आठ मणी बसले, अरगॉन झाला. आता एकोणिसावा मणी, पोटॅशिअमचा. तो ज्याच्या हातात होता त्या मुलाने साहजिकच तिसऱ्या खाचेतल्या पुढच्या खळग्यात ठेवला. मी तो काढून चौथ्या खाचेत ठेवायला सांगितल्यावर तो क्षणभर पाटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘बाई, इथं अजून दहा जागा रिकाम्या आहेत की. मग हा बाहेर कशाला बसला?’’ वीस वर्षे मी हा धडा शिकवते आहे, आणि फळ्यावर कितीही वर्तुळे काढली तरी हा प्रश्न इतक्या स्वच्छ शब्दांत मला कोणी विचारला नव्हता. फळ्यावरच्या वर्तुळात रिकामी जागा दिसत नाही. पाटावर दहा खळगे डोळ्यांसमोर रिकामे राहतात.

पाटाचे बळ इथे आहे आणि त्याची सर्वांत मोठी उणीवही नेमकी इथेच आहे. प्रश्न उभा करून तो थांबतो. उत्तर मिळण्यासाठी कवचाच्या आतली रचना दिसायला हवी. कवच म्हणजे एकसंध खोली नसून तिच्यात उपकवचे आहेत: एस उपकवचात २, पी मध्ये ६, डी मध्ये १० आणि एफ मध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात. पहिल्या कवचात फक्त एस, दुसऱ्यात एस आणि पी, तिसऱ्यात एस, पी आणि डी. म्हणून क्षमता २, मग २+६, मग २+६+१०, मग २+६+१०+१४. पाटावर मात्र सगळे खळगे एकाच तपकिरी रंगाचे आहेत. कोणता खळगा कोणत्या उपकवचाचा हे सांगणारी एकही खूण नाही. उत्पादकाने चार रंग वापरले असते तर खर्चात फारसा फरक पडला नसता.

मी ते काम घरी केले. एका रविवारी बारीक कुंचल्याने एसचे दोन खळगे लाल, पीचे सहा पिवळे, डीचे दहा निळे आणि एफचे चौदा हिरवे रंगवले. पाचव्या खाचेत ३२, सहाव्या खाचेत २+६+१० आणि सातव्या खाचेत २+६ अशी वाटणी बरोबर बसते. सोमवारी तोच खेळ पुन्हा मांडला तेव्हा अरगॉनपाशी तिसऱ्या खाचेतले लाल-पिवळे भरलेले आणि निळे दहा रिकामे, असे चित्र स्पष्ट दिसले. पोटॅशिअम आणि कॅल्शिअमचे दोन मणी चौथ्या खाचेच्या लाल खळग्यांत गेले, आणि स्कँडिअमपासून मणी परत आत वळून निळ्या खळग्यांत बसू लागले. निळे भरले की चौथ्या खाचेचे पिवळे, आणि क्रिप्टॉन आला. दोन, दहा आणि सहा, एकूण अठरा. चौथ्या आवर्तात अठरा मूलद्रव्ये का, याचे उत्तर मुलांनी मण्यांच्या रंगांवरून स्वतः मोजून काढले. त्यानंतर एकीने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून सांगितले की तक्त्याच्या डावीकडचा भाग दोन चौकटी रुंद आहे, मधला दहा, उजवीकडचा सहा आणि खाली वेगळा काढलेला पट्टा लांबलचक आहे, तेच हे रंग. आवर्तसारणीचा आकार म्हणजे उपकवचांच्या क्षमतांचा नकाशा आहे, हे त्या मुलीला जितके थेट दिसले तितके ते दाखवणे माझ्या व्याख्यानाला आजवर जमले नव्हते.

पुस्तिका या ठिकाणी फार तोकडी पडते. ‘इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या उपकवचात आधी जातात’ एवढे एक वाक्य देऊन ती पुढे सरकते. निदान क्रमाचा नियम तरी द्यायला हवा होता: मुख्य क्वांटम अंक (म्हणजे कवचाचा क्रमांक) आणि उपकवचाचा अंक (एस साठी ०, पी साठी १, डी साठी २, एफ साठी ३) यांची बेरीज जिथे कमी, ते उपकवच आधी, बेरीज सारखी असेल तर ज्याचा मुख्य अंक लहान, ते आधी. चौथ्या कवचातील एससाठी बेरीज ४+०, म्हणजे ४. तिसऱ्यातील डीसाठी ३+२, म्हणजे ५. म्हणून ४एस आधी आणि ३डी नंतर. आणि यामागचे कारणही अकरावीच्या मुलाला समजेल अशा भाषेत सांगता येते. एस प्रकारच्या कक्षकातील, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता जास्त असते त्या भागातील, इलेक्ट्रॉनाचा काही वावर केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत असतो, त्यामुळे आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा त्याला कमी भोवतो आणि केंद्रकाची ओढ जास्त जाणवते. डी प्रकारच्या कक्षकातील इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ फारसा जात नाही, म्हणून पोटॅशिअममध्ये तिसऱ्या कवचातली जागा चौथ्या कवचातल्या जागेपेक्षा महाग पडते. पुढे केंद्रकाचा प्रभार वाढत जातो तशी डीची ऊर्जा खाली उतरते, आणि म्हणूनच लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन गमावतो तेव्हा आधी बसलेले ४एसचे दोन इलेक्ट्रॉनच आधी निघून जातात. आधी आला तो शेवटी जाईल, असा मुलांचा समज असतो. तो पाटावर बाहेरचे दोन मणी उचलून सहज दूर करता येतो. लोखंडाचे २, ८, १४, २ मांडा, बाहेरचे दोन काढा, उरले २, ८, १४.

पाटाबद्दल आणखी एक तक्रार नोंदवायला हवी. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर क्षमतेचे सूत्र दिले आहे. त्यानुसार पाचव्या कवचाची क्षमता ५० येते, सहाव्याची ७२ आणि सातव्याची ९८. पाटावर मात्र ३२, १८ आणि ८ खळगे आहेत. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत: सूत्र कमाल क्षमता सांगते, आणि पाट आजवर ज्ञात असलेल्या मूलद्रव्यांत ती किती वापरली गेली आहे ते दाखवतो. पण हा खुलासा पुस्तिकेत कुठेच नाही, आणि त्यामुळे माझ्या अकरावीच्या वर्गात दोन मुलांनी पाचव्या कवचाची क्षमता ३२ अशी लिहिली. शैक्षणिक साहित्यामुळे चुकीचे काही मनात रुजले तर ते काढायला दुप्पट वेळ लागतो.

आता तक्ता. तो कापडी पाठीचा आहे, वर-खाली लाकडी पट्ट्या आहेत, आणि गुंडाळून ठेवला तरी कडा दुमडत नाहीत. गणांना, म्हणजे उभ्या स्तंभांना, १ ते १८ असे सरळ क्रमांक दिले आहेत. रोमन अंक आणि ए-बी लावलेली जुनी पद्धत वगळली आहे, हे उत्तम केले. अणुवस्तुमाने दोन दशांश स्थळांपर्यंत दिल्यामुळे अरगॉन ३९.९५ आणि पोटॅशिअम ३९.१०, किंवा टेल्युरिअम १२७.६० आणि आयोडिन १२६.९० या उलट्या जोड्या स्पष्ट दिसतात, आणि वस्तुमानाऐवजी अणुअंक हाच सारणीचा खरा आधार आहे हे मोस्ले यांनी १९१३ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व समजावताना त्यांचा फार उपयोग होतो. निहोनिअम, मॉस्कोव्हिअम, टेनेसिन आणि ओगॅनेसन ही २०१६ मध्ये मान्य झालेली नावेही आहेत.

प्रत्येक चौकटीच्या उजव्या कडेला कवचनिहाय इलेक्ट्रॉनांचे आकडे उभ्या ओळीत छापले आहेत, आणि मी हा तक्ता निवडला तो याच कारणासाठी. पहिल्या वीस मूलद्रव्यांचे आकडे बिनचूक आहेत. नंतर मात्र मोठ्या चुका निघतात. क्रोमिअमचे आकडे २, ८, १२, २ असे छापले आहेत. खरे २, ८, १३, १ आहेत. तांब्याचे २, ८, १७, २ छापले आहेत. खरे २, ८, १८, १ आहेत. पाचव्या आवर्तात निओबिअम, मॉलिब्डेनम, रुथेनिअम, ऱ्होडिअम, पॅलेडिअम आणि चांदी या सहाही ठिकाणी हाच प्रकार आहे. प्रत्येक चौकटीत बेरीज अणुअंकाएवढीच येते, म्हणून मुद्रिते तपासणाऱ्याच्या नजरेतून त्या सुटल्या असाव्यात. कोणीतरी नियमाने आकडे भरत गेले आहे: आधी बाहेरच्या एसमध्ये दोन, मग डीमध्ये उरलेले. पण हे आकडे नियमातून काढायचे नसतात. वर्णपटांच्या अभ्यासातून ते निश्चित झाले आहेत, आणि निसर्गाने या ठिकाणी नियम पाळलेला नाही.

या चुकांचा तोटा किती होतो ते अकराव्या गणात पाहावे. तांबे, चांदी आणि सोने हे तिन्ही धातू एकाखाली एक आहेत, कारण तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे आणि त्याच्या आतले डी उपकवच पूर्ण भरलेले आहे. तक्त्यावर सोन्याचे आकडे बरोबर आहेत, २, ८, १८, ३२, १८, १. तांबे आणि चांदी मात्र बाहेर दोन-दोन इलेक्ट्रॉन घेऊन उभी आहेत. गण म्हणजे बाह्य रचनेचे साम्य, असे वाक्य तक्त्याच्या शीर्षपट्टीवर ठळक अक्षरांत आहे आणि त्याच तक्त्यावर अकरावा गण ते खोटे पाडतो. प्लॅटिनम आणि सोने बरोबर असल्यामुळे माझा अंदाज असा आहे की सहाव्या आवर्ताची माहिती दुसऱ्या, अधिक विश्वसनीय ठिकाणाहून घेतली गेली. पॅलेडिअमची चूक मला सर्वांत जास्त लागली. त्याचे खरे आकडे २, ८, १८, १८ आहेत. पाचव्या आवर्तात बसूनही त्याच्या पाचव्या कवचात एकही इलेक्ट्रॉन नाही. असे दुसरे उदाहरण साऱ्या सारणीत नाही. मुलांना थांबवून दाखवावी अशी ती चौकट आहे, आणि तक्त्याने तिला इतरांसारखेच करून टाकले आहे.

सहाव्या आवर्तात एकच चूक आहे, आणि ती वेगळ्या जातीची आहे. अकरावीच्या वर्गाला मी सहावा गण दिला होता: क्रोमिअम, मॉलिब्डेनम, टंगस्टन. पहिल्या दोन ठिकाणी एसमधला एक इलेक्ट्रॉन डीमध्ये गेलेला असतो, आणि अर्धे भरलेले डी उपकवच अधिक स्थिर असते असे त्याचे स्पष्टीकरण आपण देतो. टंगस्टनमध्ये मात्र तसे घडत नाही. तिथे १२, २ अशीच वाटणी राहते. म्हणजे ‘अर्धे भरलेले ते स्थिर’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे, हे मुलांनी स्वतः ओळखावे असा माझा हेतू होता. त्याऐवजी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून तक्त्याजवळ गेली, बोटाने आकडे मोजले, परत मोजले आणि म्हणाली, ‘‘बाई, यांची बेरीज पासष्टच येतेय, चौऱ्याहत्तर येत नाही.’’ चौकटीत २, ८, १८, २३, १२, २ असे छापले होते. ३२ चे २३ झाले होते. बत्तीस आकड्यांत लिहिताना मुले अंक उलटे करतात हे आपण पाहतोच. छापखान्यातही तेच झाले. तेव्हापासून त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ११८ च्या ११८ चौकटींची बेरीज तपासली. बेरजेची दुसरी चूक सापडली नाही, हे उत्पादकाच्या बाजूने सांगायला हवे.

रंगांविषयी. तक्त्याच्या एस, पी, डी आणि एफ या चार खंडांना चार रंग दिले आहेत आणि ते फिकट, डोळ्यांना सुखावणारे आहेत. हेलिअमला मात्र पी-खंडाचा रंग दिला आहे. हेलिअम अठराव्या गणात ठेवतात ते त्याचे पहिले कवच पूर्ण भरलेले असल्यामुळे आणि तो इतर निष्क्रिय वायूंसारखा वागतो म्हणून. पण त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन एस उपकवचातच आहेत. पहिल्या कवचात पी उपकवचच नाही. जागा अठराव्या गणाची आणि रंग एस-खंडाचा, अशी चौकट हवी होती. दुसरी अडचण खालच्या पट्ट्यात आहे: लँथॅनमपासून ल्युटेशिअमपर्यंत पंधरा चौकटी आणि सगळ्यांना एफ-खंडाचा रंग. एफमध्ये इलेक्ट्रॉन चौदाच मावतात, आणि माझ्या रंगवलेल्या पाटावर हिरवे खळगेही चौदाच आहेत, त्यामुळे मुलांनी लगेच पंधरावी चौकट कोणाची असे विचारले. हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांतही चर्चेत आहे. लँथॅनमच्या आकड्यांत (२, ८, १८, १८, ९, २) एफमध्ये काहीच नाही, आणि ल्युटेशिअममध्ये (२, ८, १८, ३२, ९, २) एफ पूर्ण भरून डीमध्ये एक आलेला आहे. तिसऱ्या गणात यांपैकी कोणाला बसवायचे यावर एकमत नव्हते, आणि आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २०२१ च्या तात्पुरत्या अहवालात ल्युटेशिअमच्या बाजूने कौल दिला. पंधरा चौकटी एकत्र खाली दाखवणे चुकीचे म्हणता येणार नाही, पण पंधराव्या चौकटीला डी-खंडाचा रंग देऊन हा प्रश्न तक्त्यावरच दिसू देता आला असता.

तक्त्याच्या तळाशी इतिहासाची एक पट्टी आहे. डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह, मोस्ले असा तिचा प्रवास आहे. मेंडेलीव्ह यांनी १८६९ च्या सारणीत मोकळ्या ठेवलेल्या जागांना संस्कृतमधील ‘एक’ हा शब्द जोडून एका-ॲल्युमिनिअम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन अशी नावे दिली होती आणि तीच पुढे १८७५ मध्ये गॅलिअम, १८७९ मध्ये स्कँडिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम म्हणून सापडली, हे तिथे नेटके सांगितले आहे. हेलिअमच्या नोंदीत मात्र त्याचा शोध इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात विजयदुर्गावरून लावला असे म्हटले आहे. आपल्याकडे ही समजूत खोलवर रुजलेली आहे आणि मलाही ती लहानपणापासून प्रिय होती, पण त्या १८ ऑगस्टच्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केले, आणि लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच त्याच वर्षीच्या २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून सूर्याच्या वर्णपटातली हेलिअमची पिवळी रेषा पाहिली.

मोस्ले यांच्यानंतर ही पट्टी एकदम ‘आधुनिक आवर्तसारणी’ या शब्दांवर येऊन थांबते. कवचे दाखवणे हेच ज्या संचाचे काम, त्याने डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ बोर यांना वगळावे याचे मला वाईट वाटते, कारण सारणी आणि कवचे यांचा सांधा ज्या एका प्रसंगात सर्वांत लख्ख दिसतो तो त्यांचाच आहे. ७२ व्या क्रमांकाची जागा तेव्हा रिकामी होती. ते मूलद्रव्य दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक असणार असे मानून शोध चालला होता, आणि फ्रान्समध्ये ऊर्बें यांनी ते सापडल्याचा दावाही केला होता. कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांनी कवचांच्या रचनेवरून हिशेब मांडला: चौथे कवच ७१ पाशी ३२ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण होते, म्हणून ७२ वा इलेक्ट्रॉन पाचव्या कवचात जाणार, आणि ते मूलद्रव्य झिर्कोनिअमच्या खाली, त्याच्यासारखेच असणार. कोस्टर आणि हेवेशी यांनी ते झिर्कोनिअमच्या खनिजांत क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधले, आणि ते तिथेच निघाले. डिसेंबर १९२२ मध्ये नोबेल व्याख्यान देताना बोर यांनी शेवटी ही बातमी सांगितली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव हॅफनिअम पडले. तक्त्यावर झिर्कोनिअमचे आकडे २, ८, १८, १०, २ आणि त्याखाली हॅफनिअमचे २, ८, १८, ३२, १०, २ बरोबर छापले आहेत. शेवटचे दोन आकडे सारखे आहेत, एवढ्यावरून हा प्रसंग मुलांना सांगता येतो. मी दरवर्षी सांगते, आणि वर्ग तेव्हा अगदी शांत असतो.

पुस्तिकेविषयी आणखी थोडे. भाषा सोपी आहे, पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकाप्रमाणे आहेत, पण ‘कक्षा’ आणि ‘कक्षक’ हे दोन शब्द तिने एकाच अर्थाने वापरले आहेत. कक्षा म्हणजे ठरलेला मार्ग. कक्षक म्हणजे केंद्रकाभोवतीचा तो भाग, जिथे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असते. पाटावरचे मणी वर्तुळात बसतात म्हणून इलेक्ट्रॉनही तसेच बसलेले असतात, असे मुलांना वाटू नये यासाठी हा भेद आधी सांगायला हवा होता.

वापरताना जाणवलेल्या दोन-तीन गोष्टी लवकर सांगते. तक्त्यावरील चकचकीत आवरणावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे तो खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नये. कवचांचे आकडे चार मिलिमीटर उंचीचे आहेत. पहिल्या दोन बाकांच्या पलीकडे ते वाचता येत नाहीत, म्हणून मुलांना गटागटाने तक्त्याजवळ न्यावे लागते. मणी १२० दिले आहेत, म्हणजे जास्तीचे फक्त दोन. आमचे सात मणी पहिल्याच महिन्यात हरवले आणि मी बाजारातून तशाच मापाचे आणले.

नववी ते अकरावीच्या शाळांनी हा संच घ्यावा, असे माझे मत आहे, मात्र पाटासाठी. तक्ता सुटा ४८० रुपयांना मिळतो. तो सध्याच्या छपाईत घेऊ नये, दुरुस्त आवृत्तीची वाट पाहावी. ज्यांनी तो आधीच घेतला आहे त्यांनी पुढील नऊ चौकटींवर कागदी पट्ट्या चिकटवाव्यात: क्रोमिअम २, ८, १३, १, तांबे २, ८, १८, १, निओबिअम २, ८, १८, १२, १, मॉलिब्डेनम २, ८, १८, १३, १, रुथेनिअम २, ८, १८, १५, १, ऱ्होडिअम २, ८, १८, १६, १, पॅलेडिअम २, ८, १८, १८, चांदी २, ८, १८, १८, १, आणि टंगस्टन २, ८, १८, ३२, १२, २. आमच्या वर्गातल्या तक्त्यावर यांपैकी आठ पट्ट्या माझ्या अक्षरात आहेत. टंगस्टनची पट्टी, ज्या मुलीने बेरीज मोजली तिने स्वतः लिहून चिकटवली आहे.